लोणावळ्याचा मासा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मासा ओळखणे ही काही शिकायची गोष्ट आहे, असे मला बरीच वर्षे वाटत नव्हते. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मुलाला ती विद्या आपोआप येते. आई बाजारात निघाली की पिशवी धरायला मी बरोबर. पापलेट, सुरमई, बांगडा, मांदेली ही नावे बाराखडीच्या आधी पाठ झाली. कल्ला उघडून लाली कशी पाहायची, बोंबील ताजा की कालचा, रावस म्हणून दाढा तर गळ्यात मारला जात नाही ना, हे सगळे आईकडून आणि कोळीणमावश्यांकडून डोळ्यांत उतरले. पुढे परळला एका शाळेत विज्ञान शिकवू लागलो, तरी माशांच्या बाबतीत माझी खरी शाळा तीच.

या आत्मविश्वासाला पहिला तडा गेला तो दादरच्या बाजारात. आमच्या शाळेत एक बंगाली सहकारी होते. त्यांच्याकडे मंगलकार्य होते आणि त्यांना रोहू हवा होता. समुद्राचा मासा खाणाऱ्या आम्हा कोकणी माणसांना गोड्या पाण्याच्या माशाचे अप्रूप नाही. ‘चिखलाचा वास येतो’ म्हणून आम्ही तो बाजूला सारतो. मी नुसता सोबतीला गेलो होतो. विक्रेत्याने चांगला दोन-अडीच किलोचा मासा पुढे केला. आमच्या सहकाऱ्यांनी तो हातात घेतला, तोंडाकडे पाहिले, ओठांवरून बोट फिरवले आणि परत ठेवला.

‘‘हा रोहू नाही,’’ ते म्हणाले.

‘‘मग काय, कटला आहे?’’ विक्रेता जरा चिडूनच म्हणाला.

‘‘कटलाही नाही. मास्तर, तुम्हीच बघा. ओठांना ही बारीक झालर दिसते ना? ती रोहूची. पण रोहूचं तोंड खाली वळलेलं असतं, याचं समोर आलंय. आणि डोकं केवढं मोठं आहे! ते कटलाचं. आईबापांपैकी एक रोहू असणार आणि एक कटला.’’

विक्रेता हसला. म्हणाला, ‘‘साहेब, तळ्याचा मासा आहे. खायला सगळा एकच.’’

खायला एकच, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण ‘ना रोहू, ना कटला’ असा मासा आहे तरी काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. त्याचा पाठपुरावा करता करता मी एका वेगळ्याच माशापाशी पोहोचलो. त्या माशाचे गाव लोणावळा. आणि आमच्या गिरणगावाशी त्याचे नाते शंभर वर्षांहून जुने निघाले.

आधी त्या तळ्यातल्या माशाचे पाहू. रोहू, कटला, मृगळ हे मासे मूळचे वाहत्या नदीतले. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करून आणावे लागे. १९५७ च्या जुलै महिन्यात ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून या वर्गातल्या माशांना हुकमी अंडी घालायला लावली. ते यश एवढे मोठे होते की १० जुलै हा दिवस आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज बाजारात येणारा तळ्याचा मासा त्या सुईचा वारसदार आहे.

पण याच सोयीतून एक घोटाळाही जन्माला आला. माशांचे फलन शरीराबाहेर, पाण्यात होते. मादीने अंडी सोडली की नर त्यावर आपले वीर्य सोडतो. केंद्रातल्या एकाच कुंडात दोन जातींचे नर-मादी सोडले, तर कोणाची अंडी आणि कोणाचे वीर्य याचा हिशेब पाणी ठेवत नाही. रोहू आणि कटला यांच्या पेशींत प्रत्येकी पन्नास गुणसूत्रे असतात. त्यामुळे संकर सहज जमतो, आणि त्याची पिलावळही पुढे प्रजा वाढवू शकते. घोड्याची गुणसूत्रे चौसष्ट, गाढवाची बासष्ट. त्यांचे खेचर त्रेसष्टावर अडते आणि वांझ राहते. माशांच्या बाबतीत निसर्गाने असा अडसर अनेकदा घातलेला नाही. एकदा मिसळले की मिसळतच जाते.

असा मासा ओळखायचा कसा? कटलाला मिशा नसतात, रोहूला बारीक मिशांची जोडी असते. कटलाचा खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वर वळलेले, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहूचे तोंड खालच्या अंगाला आणि ओठ झालरीचे. संकरित मासा या सगळ्यांत मधला असतो. डोके कटलापेक्षा लहान पण रोहूपेक्षा मोठे, झालर असते पण पुसट. एका खुणेवरून निकाल देता येत नाही. चार-पाच खुणा एकत्र पाहाव्या लागतात, आणि त्या एकमेकींशी भांडू लागल्या की संशय घ्यायचा. पहिल्या पिढीत ही युक्ती चालते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत तो संकर पुन्हा शुद्ध रोहूशी मिसळला, की पणजीचे डोके जाते आणि मासा डोळ्यांना चोख रोहू दिसू लागतो. रक्त मात्र मिसळलेलेच राहते.

हे तळ्यात झाले तर नुकसान शेतकऱ्याचे. नदीत झाले तर? तिथे गेलेले कोणी परत आणून देत नाही. अमेरिकेत ही गोष्ट ट्राउट माशांच्या बाबतीत घडली. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. आपल्याकडे काश्मीरच्या आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत इंग्रजांनी तो आणून सोडला. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत ‘कटथ्रोट’ नावाचा एक ट्राउट आहे. त्याच्या जबड्याखाली गळा चिरल्यासारखी लालभडक रेघ असते, म्हणून ते नाव. शौकिनांना गळाला भरपूर मासे मिळावेत म्हणून तिथल्या नद्यांत सरकारी केंद्रांतून रेनबो ट्राउट सोडण्यात आला. दोघांचा संकर झाला. त्याला तिकडचे लोक ‘कटबो’ म्हणतात. गळ्याची लाल रेघ आहे पण फिकट, अंगावर रेनबोची गुलाबी झाक, असा तो मासा. त्याची प्रजा वाढते, आणि ती वाढत गेली तसतसे कितीतरी ओढ्यांतले अस्सल कटथ्रोट संपले. कोणी त्यांना मारले नाही. ते नुसते मिसळून गेले.

आपल्याकडे ट्राउटच्या तोलामोलाचा मासा म्हणजे महसीर. हा ट्राउटच्या कुळातला नव्हे, रोहू-कटलाच्या कुळातला. पण गळ टाकणाऱ्यांच्या जगात त्याचा मान ट्राउटपेक्षा कमी नाही. हेन्री सलिवन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि महसीरची कीर्ती साता समुद्रापार गेली. १९४६ साली म्हैसूरजवळ काबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर गळाला लावला. तो विक्रम अजून सांगितला जातो.

आणि हा मासा आपल्या ओळखीचा आहे. माझे आजोळ महाड तालुक्यातले. तिथे काळ नदीवर वाळणकोंड म्हणून एक खोल डोह आहे. काठावर वरदायिनी देवी. त्या डोहातला मासा देवीचा, त्याला कोणी हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज. आजी मला लहानपणी घेऊन गेली होती. तिने मूठभर कुरमुरे पाण्यावर टाकले आणि काळ्याशार पाण्यातून हातभर लांबीचे मासे वर आले. मोठाले खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशा. मी भीतीने मागे सरलो, तर आजी म्हणाली, ‘‘अरे, घाबरू नको. ते इथलेच आहेत.’’ ते महसीर होते, हे मला पुढे तीस वर्षांनी कळले. वाड्याजवळ तिळसे येथेही वैतरणेच्या पात्रात असेच देवाचे मासे आहेत. मुंबईचे कितीतरी भाविक महाशिवरात्रीला ते पाहून येतात.

या माशाचे शास्त्रीय नावही मराठी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी दख्खनमध्ये गावोगाव फिरला. जमीन, पिके, पक्षी, मासे, सगळे त्याने टिपून ठेवले. त्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पात्रातल्या एका माशाचे वर्णन केले, आणि लोक त्याला जे म्हणत तेच नाव ठेवले : खुद्री. १८३९ साली ते लंडनमध्ये छापून आले. आज जगभरचे शास्त्रज्ञ या माशाला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. साइक्सने आपल्या बऱ्याच माशांना मराठमोळी नावे दिली. घोड नदीतल्या, शिरूरजवळच्या दुसऱ्या एका माशाला त्याने ‘मुसुल्ला’ म्हटले. हे नाव लक्षात ठेवा, त्याने पुढे मोठा गोंधळ केला.

आता लोणावळा. गिरणगावात आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक सांगत, ‘आपल्या गिरणीची वीज लोणावळ्याच्या पावसाची.’ आम्हाला ती थाप वाटे. ती अक्षरशः खरी होती. एकेकाळी गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. त्यासाठीच तर ती उंच धुराडी. घाटमाथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवून त्यावर वीज करावी, ही योजना टाटांनी हाती घेतली. १९११ च्या फेब्रुवारीत मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात पायाभरणी केली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तलाव झाले. त्यांचे पाणी मोठ्या नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला उतरवले गेले आणि १९१५ साली तिथे वीज निर्माण होऊ लागली. तारांवरून ती परळच्या केंद्रात आली आणि तिथून गिरण्यांत गेली. रात्रपाळीच्या दिव्याखाली साचा चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर इंद्रायणीच्या खोऱ्यातला पाऊस जळत होता.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. इंद्रायणीचे पाणी पूर्वेला वाहते. ते भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. या धरणांनी त्यातले बरेचसे पाणी घाटाखाली वळवले आणि ते पाताळगंगेतून अरबी समुद्राला जाऊ लागले. नदीचे तोंड फिरवायचे म्हणजे काय, याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांच्या बरोबरीने सत्याग्रह केला. तो इतिहास आपण शाळेत शिकवतो. जमीन गेलेल्या माणसांचा तो इतिहास आहे. त्याच पाण्यातल्या माशाचा मात्र कोणी लिहिला नाही.

महसीरला धरण मानवत नाही. पावसाळ्यात पाणी चढले की तो प्रवाहाच्या उलट वर जातो आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यात दगडगोट्यांच्या तळावर अंडी घालतो. अंडी जड असतात, तळाशी बसतात. मध्ये भिंत उभी राहिली की वाट बंद. शिवाय सुरुंगाच्या दारूने मासे मारण्याचा उद्योग देशभर चाललेलाच होता. महसीर संपत चालला आहे, ही ओरड विसाव्या शतकाच्या मध्यावर सगळीकडून येऊ लागली.

इथे या गोष्टीत डॉ. सी. व्ही. कुलकर्णी येतात. मत्स्यशास्त्रातले हे फार मोठे मराठी नाव, आणि मुंबईकरांना जवळजवळ अपरिचित. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या आसपासच्या खाड्यांत एक इवलासा पारदर्शक मासा शोधून काढला आणि १९४० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘होराइक्थिस सेटनाय’ हे त्याचे नाव. त्यात दोन माणसे आहेत. एक सुंदरलाल होरा, भारतीय मत्स्यशास्त्राचे भीष्माचार्य. दुसरे मुंबईच्या मत्स्यखात्याचे प्रमुख डॉ. सेटना. पुढे कुलकर्णी स्वतः त्या खात्याचे संचालक झाले. गिरगाव चौपाटीजवळचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते याच खात्याचे. आमच्या पिढीच्या किती रविवारांच्या आठवणी तिथल्या काचांना चिकटलेल्या आहेत!

१९७० च्या सुमारास कुलकर्णींनी लोणावळ्यात, टाटांच्या तलावाकाठी, खुद्री महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. पावसाळ्यात पिकलेली मादी धरायची, तिच्या पोटावरून अलगद हात फिरवून अंडी काढायची, त्यावर नराचे वीर्य मिसळायचे आणि वाहत्या स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवायची. वाचायला सोपे वाटते. पण महसीर रोहूसारखा एका दमात लाखो अंडी देत नाही. तो थोडी थोडी, टप्प्याटप्प्याने देतो. त्याची वेळ साधणे हीच कला. एस. एन. ओगले यांच्यासह त्यांनी ते तंत्र बसवले. अंडी दूरवर पाठवायची कशी, याचीही एक साधी युक्ती या दोघांनी काढली : पाण्याने भरलेली पिशवी नको, ओल्या कापसाच्या थरात अंडी ठेवायची आणि विमानाने पाठवायची. यावरचा त्यांचा निबंध १९७९ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. कापसाच्या गिरण्यांना वीज पुरवणाऱ्या तलावातला मासा कापसात गुंडाळून देशभर निघाला, ही गंमत त्यांच्या ध्यानात आली होती की नाही कोण जाणे.

लोणावळ्याच्या केंद्राने लाखो बोटुकल्या तयार केल्या. तिथे हिमालयातला सोनेरी महसीर आणि मध्य भारतातला ‘टॉर टॉर’ याही जाती आणल्या गेल्या आणि त्यांच्या संकराचे प्रयोगही झाले. त्या काळी संकरित या शब्दाला मान होता. संकरित ज्वारी, संकरित गाय, तसा संकरित मासा : लवकर वाढेल, जास्त लोकांना खायला मिळेल. दुष्काळ पाहिलेल्या पिढीने असा विचार केला, यात नवल नाही.

या केंद्रातले मासे राज्याराज्यांत गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते कावेरीतही सोडण्यात आले. हेतू चांगलाच होता. कावेरीतला महसीर कमी होत होता, आणि ‘महसीर तो महसीर’ अशी समजूत होती. दादरच्या त्या विक्रेत्याचे वाक्य आठवते ना? खायला सगळा एकच.

पण तो एकच नव्हता. कावेरीचा महसीर निराळा होता. त्याच्या डोक्यामागे, बैलाला असते तसे वशिंड होते. परांची टोके नारिंगी होती. लोणावळ्याहून आलेल्या खुद्रीचे पर निळसर. विक्रमी वजनाचे ते अजस्र मासे हे कावेरी खोऱ्यातले. मग हा फरक कोणाच्या ध्यानात कसा आला नाही? कारण त्या वशिंडाच्या माशाला नीट नावच नव्हते. कित्येक वर्षे लोक त्याला साइक्सचा ‘मुसुल्ला’ समजत होते. घोड नदीतला मासा कावेरीच्या माशाच्या नावावर खपत होता. जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरची अशी ही अवस्था. त्याला पत्ता होता, पण नाव दुसऱ्याचे.

कावेरीकाठच्या गळकऱ्यांच्या छावण्यांत मासा पकडून, नोंद करून परत सोडत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदवह्या एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. निळ्या परांचा मासा भराभर वाढत गेला होता आणि वशिंडवाला जवळजवळ दिसेनासा झाला होता. धरणे, वाळूउपसा, सुरुंग, प्रदूषण ही कारणे होतीच. पण घरात आणलेला पाहुणा यजमानाची जागा घेत होता, हेही उघड झाले. आणि महसीरच्या जाती एकमेकींत मिसळू शकतात, हे तर लोणावळ्याच्याच प्रयोगांनी दाखवले होते. २०१८ साली याच मंडळींनी वशिंडाच्या माशाची ओळख पटवली. केरळात पांबार नदीतून वर्णन झालेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच. रेमा देवी या मत्स्यशास्त्रज्ञ बाईंचे नाव त्याला मिळाले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. नाव मिळाले तेव्हा मासा जायला निघाला होता.

दुसऱ्या बाजूला आपल्या खुद्रीचे काय? तो आधी संकटग्रस्तांच्या यादीत होता, आता ‘चिंता नाही’ या गटात आला आहे. लोणावळ्याच्या पन्नास वर्षांच्या कामाचा त्यात वाटा आहे आणि त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. एकाच कामाने एक मासा वाचवला आणि दुसऱ्याच्या गळ्याला नख लावले. मी हा विषय मुलांना शिकवला तेव्हा एकाने विचारले, ‘‘सर, मग कुलकर्णी चुकले का?’’ मी म्हणालो, ‘‘त्यांनी मासा घरात वाढवला, तिथे ते बरोबर होते. इंद्रायणीचा मासा भीमेच्या खोऱ्यातच सोडला, तिथेही बरोबरच. चूक झाली ती दुसऱ्या नदीत तो सोडताना, आणि ती एकट्या कोणाची नव्हती. तेव्हा जगभर सगळे हेच करत होते.’’

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मिश्र महसीर ओळखायचा कसा? पुस्तकांत एक सोपी खूण दिलेली असते. माशाचे डोके किती लांब आणि शरीर किती उंच, हे मोजायचे. हिमालयातल्या सोनेरी महसीरचे डोके शरीराच्या उंचीपेक्षा लांब. टॉर टॉरचे आखूड. खुद्रीत दोन्ही जवळपास सारखी. आता गणित करून पाहा. सोनेरी आणि टॉर टॉर यांचा संकर झाला आणि मापे मध्यावर आली, तर तो मासा पट्टीवर खुद्रीसारखा भरेल! म्हणजे दोन परक्यांचे मूल तिसऱ्याच घरचे वाटायचे. ओठ पाहावेत, तर महसीरचे ओठ नदीच्या तळाप्रमाणे जाड-पातळ होतात. खडकाळ तळावर चरणाऱ्याचे ओठ लोंबते. रंग पाहावा, तर तो पाण्याप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलतो. खवले मोजावेत, तर या सगळ्या जातींत मधल्या रेषेवर पंचवीसच्या आगेमागेच खवले. गुणसूत्रे मोजावीत, तर सगळ्यांची शंभर.

तेव्हा शेवटी डीएनए. पण तिथेही एक फसगत आहे. माशांच्या ओळखीसाठी नेहमी पाहतात तो मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो. आपल्याकडे आडनाव बापाचे लागते, इथे आईचे. आई वशिंडाची आणि बाप निळ्या परांचा असेल, तर ही तपासणी बेधडक सांगेल, ‘वशिंडाचा मासा’. बापाचा पत्ता लागायला पेशीकेंद्रातला डीएनए वेगळा तपासावा लागतो. म्हणजे बाजारात ओठांवरून बोट फिरवण्यापासून प्रयोगशाळेपर्यंत गेलो, तरी नियम एकच राहिला. एका खुणेवर विश्वास ठेवायचा नाही.

आणि एक खूण अशी आहे की जी कोणत्याही यंत्राविना मिळते, पण वेळेवर लिहून ठेवली तरच. ती म्हणजे नदी. हा मासा कोणत्या खोऱ्यातला, तिथे बाहेरून कधी काय सोडले गेले, कोणी सोडले, कुठून आणले. साइक्सने एवढेच केले होते. मासा कोणत्या नदीत मिळाला आणि लोक त्याला काय म्हणतात, हे त्याने लिहून ठेवले. त्या दोन ओळींच्या जोरावर आज जवळजवळ दोनशे वर्षांनी खुद्री कुठला आणि मुसुल्ला कुठला, हा वाद घालता येतो. कावेरीत गळकऱ्यांनी वह्या ठेवल्या म्हणून निदान काय हरवले ते कळले. ज्या नद्यांत कोणी वही ठेवली नाही, तिथे काय हरवले तेही कळायचे नाही. गणेशोत्सवात, पर्यावरण दिनाला, नेत्यांच्या वाढदिवसाला तलावांत आणि नद्यांत बोटुकल्या सोडण्याचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात. पिशवीत कोणता मासा होता, हे बातमीत क्वचितच असते. अशा वेळी मला विचारावेसे वाटते, हा कुठला?

मागच्या मार्गशीर्षात नातवाला घेऊन वाळणकोंडला गेलो. गिरण्यांच्या जागी आता काचेचे मनोरे उभे आहेत. लोणावळ्याच्या विजेवर रात्रपाळी करणाऱ्या माणसांतले बहुतेक जण गेले. कोंड मात्र तसाच आहे. नातवाने कुरमुरे टाकले. काळ्या पाण्यातून पाठी वर आल्या, खवले चमकले. तो मागे सरला नाही. उलट वाकून बघू लागला आणि मला म्हणाला, ‘‘आजोबा, हे कुठून आणलेत?’’

आजीचे उत्तर मला तयार होते. ‘‘आणले नाहीत,’’ मी म्हटले. ‘‘ते इथलेच आहेत.’’